स्पीकरमधली घरघर आणि शिट्टी: आधी आवाज कुठून शिरतो ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपला जोडलेल्या स्पीकरमधून काहीही वाजत नसताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. माउस हलवला की तो बदलतो, गेम सुरू केला की वाढतो आणि त्याच्या खाली एक सततची घरघर असतेच. साउंडचा ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला, स्पीकरही बदलून पाहिले, फरक पडला नाही. मग आता वेगळं साउंड कार्ड घ्यावं का?

इतक्यात काहीही विकत घेऊ नका. माउस हलवल्यावर आवाज बदलतो, या एका निरीक्षणात तुमचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे, आणि कॅबिनेटच्या आत बसणारं साउंड कार्ड हे बहुतेक वेळा ते उत्तर नसतं. अशा तक्रारींमध्ये लोक आधी वस्तू बदलतात आणि मग कारण शोधतात. पैसे त्यातच जातात. आवाज नेमका कुठून आत शिरतो हे अर्ध्या तासात आणि फुकटात कळू शकतं.

पहिली चाचणी स्पीकरच्या नॉबची. संगणकावर काही वाजत नसताना नॉब शून्यावर न्या आणि सावकाश वाढवा. नको असलेला आवाज नॉबबरोबर कमी-जास्त होत असेल, तर तो नॉबच्या अलीकडे शिरतोय, म्हणजे संगणकातून किंवा मधल्या केबलमधून. नॉब कुठेही असला तरी आवाज तेवढाच राहत असेल, तर तो स्पीकरच्या स्वतःच्या अॅम्प्लिफायरमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये तयार होतोय. मग संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

दुसरी चाचणी केबलची. व्हॉल्यूम कमी करून ऑडिओ केबल संगणकातून काढा आणि तीच केबल बॅटरीवर चालणाऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला जोडा. त्याचा चार्जर लावलेला नको, हे महत्त्वाचं आहे. नॉब पुन्हा आधीच्या जागी न्या. आवाज पूर्ण गेला तर स्पीकर आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत. काही जण केबलची पिन नुसती मोकळी सोडून निष्कर्ष काढतात. ते फारसं भरवशाचं नाही, कारण मोकळी पिन आजूबाजूच्या वायरिंगमधली घरघर स्वतःच उचलते. पिनेच्या टोकाला बोट लावल्यावर जो मोठा गुंजारव होतो तोही याचाच प्रकार आहे, त्याने घाबरू नका.

तिसरी चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती जवळजवळ कुणी करत नाही. स्पीकरची केबल ज्या जॅकमध्ये होती, त्याच जॅकमध्ये साधा वायरचा हेडफोन लावा आणि ऐका. माउस हलवा, गेम चालू करा. हेडफोनला स्वतःची वीजजोडणी नसते. त्यामुळे हेडफोनमध्ये शांतता असेल आणि स्पीकर लावल्यावर शिट्टी येत असेल, तर मदरबोर्डवरचं साउंड सर्किट ठीक आहे. दोष संगणक आणि स्पीकर एकमेकांना जोडले जाण्यात आहे. याला ग्राउंड लूप म्हणतात. उलट हेडफोनमध्येही तीच शिट्टी ऐकू आली, तर गोंगाट मदरबोर्डच्या ऑडिओ भागातच मिसळतोय आणि उपाय वेगळा आहे.

स्पीकर बदलूनही फरक पडला नाही, असं तुम्ही म्हणता. त्यावरून माझा अंदाज ग्राउंड लूपकडे झुकतो, म्हणून तो नीट समजून घेऊ.

साध्या ३.५ मिमीच्या केबलमध्ये डाव्या आणि उजव्या आवाजाची एकेक तार असते आणि दोघांचा परतीचा मार्ग एकच असतो, तो म्हणजे बाहेरचं शील्ड, तारांभोवतीचं धातूचं आवरण. अॅम्प्लिफायर आतली तार आणि शील्ड यांच्यातला फरक मोजतो आणि तो फरक म्हणजेच आवाज असं धरून चालतो. आता संगणक आणि स्पीकर यांची ग्राउंड (विजेच्या परतीच्या सामाईक जोडण्या) आणखी एखाद्या वाटेने जोडलेली असतील, समजा अर्थिंगच्या तारेने किंवा यूएसबीच्या केबलने, तर एक बंद वेटोळं तयार होतं आणि ग्राउंडमधून वाहणारा थोडा प्रवाह शील्डमधूनही जाऊ लागतो. शील्डचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर धरला तर शील्डच्या दोन टोकांमध्ये १ मिलिव्होल्टचा फरक पडतो. घरगुती उपकरणांची लाइन पातळी, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आवाजाच्या सिग्नलचा नेहमीचा व्होल्टेज, साधारण ०.३१६ व्होल्ट असते. म्हणजे हा घुसखोर गाण्यापेक्षा फक्त ५० डेसिबलने खाली असतो. गाणं ८५ डेसिबलवर वाजेल अशा ठिकाणी नॉब असेल, तर गाणं थांबल्यावर ३५ डेसिबलची कटकट शिल्लक राहते. शांत खोलीत ती स्पष्ट ऐकू येते. अॅम्प्लिफायर बिचारा आपलं काम चोख करत असतो. त्याला मिळालेल्या सिग्नलमध्येच ती भेसळ असते.

घरघर मेन्सच्या, म्हणजे सॉकेटमधून येणाऱ्या, विजेतून येते, ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. छोटे स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवूच शकत नाहीत, त्यामुळे कानाला १५०, २५० अशा वरच्या पटी ऐकू येतात आणि आवाज घुमण्याऐवजी खरखरीत लागतो. शिट्टीचं मूळ मात्र संगणकाच्या आत आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकसारखा प्रवाह घेत नाहीत, झटक्याझटक्याने घेतात. माउस हलवला की यूएसबीवर डेटा धावतो, प्रोसेसर झोपेतून उठतो, पडदा पुन्हा रंगवला जातो, आणि या प्रत्येकाबरोबर ग्राउंडमधला प्रवाह बदलतो. गेममध्ये सेकंदाला २०० फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) तयार होत असतील तर ग्राफिक्स कार्डची ओढही सेकंदाला २०० वेळा हेलकावते, आणि तो हेलकावा शील्डमध्ये उतरला की २०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींचा सूर बनतो. फ्रेमवर मर्यादा नसलेल्या गेमच्या मेनूमध्ये हा आकडा हजारांत जातो, म्हणून तिथे शिट्टी सगळ्यात तीक्ष्ण होते. आतलं गणित कानाने ऐकू यावं असा हा प्रकार आहे, आणि एकदा लक्षात आला की तो ओळखण्यात चूक होत नाही.

इथे एक खात्री मात्र करून घ्या. स्पीकर पूर्ण बंद करा आणि गेम चालू ठेवा. शिट्टी तरीही येत असेल तर ती स्पीकरमधून येतच नाही, ग्राफिक्स कार्डवरच्या किंवा एसएमपीएसमधल्या (वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या) कॉइल प्रत्यक्ष थरथरत आहेत. त्यावर केबलचा कुठलाच उपाय चालणार नाही. फ्रेमची मर्यादा बांधली की बराच फरक पडतो.

तुमचे दोन्ही स्पीकर यूएसबीवर चालणारे होते का? असतील तर कोडं जवळजवळ सुटलं. असे स्पीकर ५ व्होल्टची वीज संगणकाच्या यूएसबीतून घेतात आणि आवाज ३.५ मिमीच्या पिनेतून. म्हणजे एकाच संगणकाला दोन ग्राउंड जोडण्या, आणि वेटोळ्याचं एक टोक थेट यूएसबीच्या गोंगाटात. स्पीकर दुसरे आणले तरी जोडणी तीच राहते, मग शिट्टीही तीच राहणार. यावर उपाय अगदी साधा आहे. स्पीकरची यूएसबी पिन संगणकातून काढून दोन पिनांच्या फोन चार्जरला लावा. बहुतेक वेळा शिट्टी तिथल्या तिथे थांबते. चार्जर मात्र बऱ्यापैकी दर्जाचा घ्या, हलक्या चार्जरचा स्वतःचा गोंगाट असतो.

स्पीकर मेन्सवर चालणारे असतील तर संगणक, मॉनिटर आणि स्पीकर एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटची अर्थिंग लांबच्या तारांनी जोडलेली असते आणि त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असू शकतो. एका बोर्डवर आणलं की वेटोळं लहान होतं आणि घरघर अनेकदा तेवढ्यानेच बसते. तरी राहिली तर संगणकाला जोडलेल्या बाकीच्या वायरी एकेक करून काढत जा. टीव्हीची केबल संगणकाला किंवा त्याच्याशी जोडलेल्या टीव्हीला लावलेली असेल तर ती पहिली काढा. बाहेरून येणारी ही केबल स्वतःचं वेगळं ग्राउंड घेऊन येते आणि घरघरीच्या तक्रारींमध्ये ती वारंवार सापडते. नंतर मॉनिटरची एचडीएमआय केबल, मग प्रिंटर. नेटवर्कच्या साध्या केबलवर शंका घेण्याचं कारण नाही, तिच्या जॅकमध्येच ट्रान्सफॉर्मर असतात. धातूच्या आवरणाची, शील्ड असलेली नेटवर्क केबल असेल तर मात्र तीही काढून पाहा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, त्यावर टेप लावू नका, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अॅडॅप्टरमध्ये खुपसू नका. घरघर कधीकधी खरंच थांबते, म्हणूनच हा सल्ला तोंडोतोंडी पसरतो. पण डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये मेन्सच्या दोन्ही तारांपासून कॅबिनेटकडे गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगायला लागतं आणि हाताला मुंग्या येतात. हा प्रवाह अगदी थोडा असतो. पण आतमध्ये इन्सुलेशन फाटलं, तर अर्थिंगशिवाय पूर्ण मेन्स कॅबिनेटवर येऊ शकते, आणि ऑडिओ केबलच्या शील्डमधून ती स्पीकरपर्यंत आणि हेडफोनपर्यंत पोहोचू शकते. कॅबिनेटला हात लावल्यावर घरघर बदलत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर तुमच्या सॉकेटला अर्थिंगच नाही असं समजा आणि स्पीकरचा विचार बाजूला ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

या सगळ्यानंतरही लूप उरलाच तर तो तोडायचा सुरक्षित मार्ग वीजजोडणीच्या बाजूने नसून आवाजाच्या बाजूने आहे. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात दोन ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि तांब्याची थेट जोडणी उरत नाही. ती स्पीकरच्या टोकाला लावा. अगदी लहान डबीत ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असतो, त्यामुळे जोरात वाजवताना खालचे सूर विरळ होतात किंवा फाटतात. बोलण्यासाठी, व्हिडिओसाठी हे जाणवत नाही, पण संगीत मन लावून ऐकणाऱ्याला जाणवतं. तुमच्या मदरबोर्डला आणि स्पीकरला ऑप्टिकल जोडणी असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. प्रकाशातून ग्राउंडचा प्रवाह जाऊच शकत नाही. ब्लूटूथनेही लूप तुटतो, पण आवाज थोडा उशिरा पोहोचतो, गेमला ते चालत नाही. स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट (शील्डऐवजी दोन तारांमधला फरक मोजणारं) असेल तर बॅलन्स्ड आउटपुट देणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाला बाहेरून जोडायची आवाजाची डबी, हा टिकाऊ मार्ग आहे, कारण त्यात शील्डवरचा व्होल्टेज आवाजात मिसळतच नाही.

आणि साउंड कार्ड? आत बसणारं कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच एसएमपीएसवर, त्याच ग्राउंडवर असतं. लूप जिथल्या तिथे राहतो. बाहेरचा यूएसबी डॅकही (डिजिटल आवाजाचा विजेचा सिग्नल बनवणारी डबी) ग्राउंड यूएसबीच्या केबलमधूनच घेतो, म्हणून लूप असताना तो घेणाऱ्यांची निराशा होते. कधीकधी तर त्यातून नवाच, १ किलोहर्ट्झचा किंवा ८ किलोहर्ट्झचा बारीक सूर ऐकू येतो, कारण यूएसबीचा कारभार वेगानुसार सेकंदाला १००० किंवा ८००० ठोक्यांवर चालतो. असा डॅक आधीच घेऊन झाला असेल तर त्याच्या केबलमध्ये यूएसबी आयसोलेटर बसवता येतो. साध्या स्टिरिओसाठी १२ मेगाबिटचा पुरतो.

डॅक खरा कामी येतो तो हेडफोनमध्येही शिट्टी ऐकू आली तेव्हा. त्या स्थितीतसुद्धा घेण्याआधी एक पाहा, तुम्ही कॅबिनेटच्या पुढचा जॅक वापरताय का? पुढच्या जॅककडे जाणारी वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातून निघून ग्राफिक्स कार्डच्या जवळून जाते, आणि तिला धड शील्ड नसतं. मागचा हिरवा जॅक वापरला की शिट्टी गायब होते, असं खूपदा होतं. मग साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन न वापरलेले इनपुट बंद करा. मायक्रोफोन किंवा लाइन इनचा आवाज थेट स्पीकरकडे वळवलेला असेल तर संगणकातला सगळा गोंगाट त्या मोकळ्या इनपुटमधून आत येतो. विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या गुणधर्मांत ‘हे उपकरण ऐका’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा, आणि मायक्रोफोन बूस्ट शून्यावर आणा. तो ३० डेसिबलवर असेल तर प्रत्येक गोंगाट तीसेक पटींनी मोठा होत असतो. लिनक्सवर अल्सामिक्सर हे आवाजाच्या पातळ्या ठरवायचं साधन उघडून मायक्रोफोन, लाइन आणि बीप हे प्लेबॅकचे रकाने म्यूट करा.

सतत ‘सूंऽऽ’ असा, माउसने किंवा गेमने न बदलणारा आवाज वेगळा. तो प्रत्येक अॅम्प्लिफायरमध्ये असतो, तो शून्य होत नाही, कमी करता येतो. अनेक जण विंडोजचा व्हॉल्यूम २०-३० वर ठेवतात आणि स्पीकरची नॉब जवळजवळ पूर्ण फिरवतात. मग अॅम्प्लिफायर छोट्याशा सिग्नलबरोबर त्याच्या आधीची सगळी सूंसूं तेवढीच वाढवतो. उलट करा: विंडोज ८० ते १०० च्या दरम्यान, आणि रोजचा आवाज नॉबने ठरवा. कान स्पीकरला लावून ऐकू येणाऱ्या सूंसूंची चिंता करू नका. बसायच्या जागेवर ऐकू येत नसेल तर ती नाहीच असं धरा.

टक्, फट्, कर्रकर्र हे सगळे तुटक आवाज बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचे असतात. गाणं सुरू होताना आणि संपल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ होत असेल तर ऑडिओ चिप वीज वाचवण्यासाठी झोपतेय आणि उठतेय. लिनक्समध्ये इंटेल एचडीए या साउंडच्या ड्रायव्हरच्या पॉवर सेव्हची किंमत शून्य केली की ते थांबतं, विंडोजमध्ये ऑडिओ ड्रायव्हरची वीज बचत बंद करावी लागते. गाण्याच्या मध्येच कर्रकर्र होत असेल तर दुसरा एखादा ड्रायव्हर, खूपदा वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा, प्रोसेसर इतका वेळ अडवून धरतो की आवाजाचा पुढचा तुकडा वेळेवर पोहोचत नाही. विंडोजसाठी लेटन्सीमॉन नावाचं साधन आहे, ते चालू ठेवून गाणं लावा, दोषी ड्रायव्हरचं नाव ते दाखवतं. तुम्ही साउंडचा ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिलात, पण अशा वेळी बदलायचा ड्रायव्हर साउंडचा नसतो. नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर मात्र नॉबमधल्या पट्टीवर धूळ साचली आहे. वीज काढून त्यात काँटॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत बऱ्याचदा फिरवा.

मधूनच ‘टर्र-टर्र-टर्र’ असा ताल ऐकू आला आणि पाठोपाठ फोन वाजला, तर तो जुन्या २जी जाळ्याचा परिणाम आहे. त्यात फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो आणि स्पीकरची वायर ते अँटेनासारखी पकडते. फोन हातभर लांब ठेवा. रेडिओवरचं बोलणं पुसट ऐकू येत असेल तर केबल आखूड करा आणि स्पीकरच्या टोकाजवळ फेराइटची कडी बसवा. केबलचे दोन-तीन वेढे कडीतून घेतले तर ती जास्त चांगलं काम करते.

राहिला तो नॉबने न बदलणारा आवाज. स्पीकर जुने असतील, केबल पूर्ण काढलेली असेल, नॉब शून्यावर असेल आणि तरीही घुमणारी घरघर येत असेल, तर पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची दाट शक्यता आहे. ही घरघर १०० किंवा १२० हर्ट्झची असते, मेन्सच्या दुप्पट, कारण रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो. फोनवर १०० हर्ट्झचा सूर लावून तुलना केली तर ओळखता येते. मात्र घरघर स्पीकरच्या पडद्यातून न येता खोक्यातूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक आवाज आहे. त्याचे स्क्रू घट्ट करून आणि खाली रबर लावून तो कमी होतो. कपॅसिटर बदलणं सोपं आणि स्वस्त काम आहे, पण स्पीकरमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस असेल तर आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या पुढे भरलेला राहू शकतो. सोल्डरिंगचा सराव नसेल तर ते खोकं उघडू नका. दुरुस्ती करणाऱ्याला एवढंच सांगा की केबल काढलेली असताना आणि नॉब शून्यावर असतानाही घरघर येते. त्यावरून त्याला नेमकं कुठे पाहायचं ते कळेल.